मायोकार्डायटिसनंतरची वर्षं: डिस्चार्ज मिळाल्यावर काय बघायचं, काय विचारायचं

छातीत दुखतंय म्हणून माणूस दाखल होतो. ईसीजी बिघडलेला, रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, वाढलेलं. घाईघाईने अँजिओग्राफी होते आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "ब्लॉकेज नाहीत. हार्टच्या स्नायूला सूज आहे, मायोकार्डायटिस." घरच्यांच्या जिवात जीव येतो. काही दिवसांनी डिस्चार्ज मिळतो. कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात आणि खाली एक ओळ: दोन आठवड्यांनी ओपीडीत दाखवणे.

प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. हे पूर्ण बरं होतं का? पुन्हा होतं का? लोकलचा जिना चढायचा की नाही? जिम कायमची बंद का? गोळ्या किती दिवस? आमच्या घरात हा आजार येऊन गेला. या प्रश्नांची उत्तरं मला ओपीडीच्या बाकावर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि मिळेल ते वाचून गोळा करावी लागली. ती इथे क्रमाने मांडली आहेत. तुमच्या रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द याच्या वर, हे धरूनच वाचा.

बहुतेक प्रौढ रुग्ण यातून चांगले बरे होतात. मात्र त्या बहुतेकांत आपण आहोत की नाही, हे बरं वाटण्यावरून ठरत नाही. ते तपासण्यांवरून ठरतं, आणि त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या तपासण्या माणसाला ठणठणीत वाटायला लागल्यावर करायच्या असतात. नेमक्या त्याच राहून जातात. हा लेख लिहायचं कारण तेच.

पहिली पायरी: आपला रुग्ण कोणत्या गटातला, हे विचारून घ्या

या आजाराची पुढची वाट बरीचशी पहिल्या काही दिवसांत कळते. डॉक्टरांना तीन गोष्टी थेट विचारा. दाखल केलं तेव्हा हृदयाचं पंपिंग, म्हणजे टू-डी एकोवर येणारं इजेक्शन फ्रॅक्शन, ५० टक्क्यांच्या खाली गेलं होतं का? हृदयाचा ताल धोकादायकरीत्या बिघडला होता का, विशेषतः खालच्या कप्प्यातून सुरू होणारी वेगवान धडधड म्हणजे व्हीटी आली होती का? रक्तदाब इतका पडला होता का, की तो टिकवायला आयसीयूत सलाइनमधून औषधं द्यावी लागली किंवा यंत्राचा आधार घ्यावा लागला?

तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तो गुंतागुंत नसलेला मायोकार्डायटिस. एक जरी "हो" असेल तर गुंतागुंतीचा. ही विभागणी किती मोलाची आहे हे इटलीतल्या लोम्बार्डी भागातल्या नोंदींवरून २०१८ साली स्पष्ट झालं. तिथे ४४३ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. जवळपास तीन चतुर्थांश रुग्ण गुंतागुंत नसलेल्या गटातले होते, आणि त्यांच्यात ५ वर्षांत हृदयामुळे मृत्यू किंवा हृदयरोपण एकाच्याही वाट्याला आलं नाही. गुंतागुंतीच्या गटात हेच प्रमाण ३० दिवसांत १०.४ टक्के आणि ५ वर्षांत १४.७ टक्के होतं. हे आकडे नीट पाहा: या गटातही बहुतेक अघटित पहिल्या महिन्यातलं आहे. तो महिना पार केलेल्यांसाठी पुढची वर्षं पुष्कळ सौम्य असतात, मात्र निर्धास्त राहण्याइतकी नाहीत.

जुन्या लेखांत तुम्हाला एक उलटंच वाक्य सापडेल: जो मायोकार्डायटिस अगदी झंझावाती, शॉकमध्ये नेणारा असतो, तो पुढे अधिक चांगला बरा होतो. २००० सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात ११ वर्षांनंतर अशा रुग्णांपैकी ९३ टक्के जिवंत होते आणि साध्या तीव्र प्रकारातले ४५ टक्केच. पण त्यात झंझावाती प्रकाराचे रुग्ण होते फक्त १५. नंतरच्या मोठ्या नोंदींनी चित्र उलटं दाखवलं: असे रुग्ण सुरुवातीला जास्त दगावतात आणि वाचलेल्यांतही काहींचं पंपिंग पूर्ण सावरत नाही. म्हणून जुन्या वाक्यावर कुणी भरवसा देत असेल तर तो घेऊ नका.

याच वेळी कारणाबद्दलही विचारा. बहुतेकदा मागे एखादा विषाणू असतो: कॉक्सॅकी, अ‍ॅडिनो, पार्वो, फ्लू, कोविड. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोही हृदयाच्या स्नायूला झळ पोहोचवतात. म्हणून दुखणं सुरू होण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, जुलाब, साचलेल्या पाण्यातून चालणं, नवीन औषध, यांतलं काय काय झालं ते डॉक्टरांना सांगा. कारण वेगळं निघालं तर उपचार आणि भविष्य दोन्ही बदलतात. जायंट सेल मायोकार्डायटिस, हृदयाचा सार्कॉइडोसिस आणि इओसिनोफिल पेशी वाढून होणारा दाह हे तीन प्रकार विरळ आहेत, पण त्यांत स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात आणि उशीर परवडत नाही. पंपिंग झपाट्याने घसरत असेल, व्हीटी थांबत नसेल किंवा हृदयातला विद्युत्प्रवाह अडत असेल, म्हणजे हार्ट ब्लॉक होत असेल, तर हृदयाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून बायॉप्सी करायची का, हा प्रश्न डॉक्टरांकडून आला नाही तर तुम्ही काढा. साध्या प्रकारात बायॉप्सी लागत नाही, आणि सरसकट स्टेरॉइड देण्यात फायदाही दिसलेला नाही.

दुसरी पायरी: फाईल पूर्ण करून घ्या

मुंबईत माणूस एका हॉस्पिटलात दाखल होतो, एमआरआय दुसरीकडे काढतो, फॉलो-अप तिसरीकडे घेतो आणि वर्षाने ठाण्या-वसईकडे घर बदलतो. अशा वेळी त्याचा इतिहास सांगते ती फक्त फाईल. पाच वर्षांनी नव्या डॉक्टरांना विचारायचं असतं, "तेव्हा पंपिंग किती होतं? ट्रोपोनिन किती वर गेलं होतं?" आणि हातात निघतं एक पुसट झालेलं डिस्चार्ज कार्ड.

तर फाईलमध्ये एवढं हवं: दाखल झाल्याच्या दिवशीचा ईसीजी (थर्मल कागदावरचा असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढा, तो कागद उडतो), ट्रोपोनिन आणि सीआरपीचे (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) सगळे आकडे तारखांसह, एकोचा पूर्ण रिपोर्ट, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, एमआरआय झाला असेल तर त्याच्या प्रतिमा, आणि आयसीयूत दिलेल्या औषधांची नोंद. एकोच्या रिपोर्टमध्ये नुसतं "पंपिंग चांगलं" असं असेल तर आकडा लिहून मागा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात. त्यामुळे संकोच नको. अर्ज लिहा आणि मागा.

तिसरी पायरी: कार्डियाक एमआरआय, आणि त्यात काय वाचायचं

या आजाराच्या भविष्याबद्दल सगळ्यात जास्त बोलणारी तपासणी हीच. साधा छातीचा एमआरआय चालत नाही. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देऊन, हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेतलेला कार्डियाक एमआरआय लागतो. पाऊण ते एक तास लागतो, मध्ये मध्ये श्वास रोखून धरावा लागतो. मूत्रपिंड नीट आहे ना यासाठी आधी क्रिएटिनिन बघतात. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काढला तर सूज सर्वांत स्पष्ट दिसते. केईएम, सायन, नायर, जे. जे. या सार्वजनिक हॉस्पिटलांत हृदयविकार विभाग आहेत. तिथल्या ओपीडीत नाव घालताना एमआरआयची तारीख कधी मिळेल, हे त्याच दिवशी विचारा, कारण सूज उतरून गेल्यावरची तारीख निदानाला फारशी कामाची नाही.

रिपोर्टमध्ये दोन शब्द शोधा. एक "ईडिमा", म्हणजे सूज, स्नायूत पाणी साठणं. दुसरा "लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट", रिपोर्टमध्ये बहुधा "एलजीई" असं लिहितात. म्हणजे कॉन्ट्रास्ट जिथे रेंगाळलं ती जागा. सुरुवातीच्या दिवसांत एलजीई म्हणजे जखमी झालेला भाग. त्यातला काही पुढे भरून येतो. सहा महिन्यांनी सूज गेलेली असूनही एलजीई तसंच असेल तर तो व्रण म्हणजे स्कार. २०१८च्या सुधारित लेक लुईस निकषांनुसार सूज दाखवणारा एक आणि स्नायूची इजा दाखवणारा एक, असे दोन्ही पुरावे मिळाले की एमआरआयवरून निदान भक्कम मानतात.

व्रण आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. तो कुठे आहे ते विचारा. मायोकार्डायटिसमध्ये बहुतेकदा हृदयाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर, बाहेरच्या थरात पट्टा दिसतो. तो तुलनेने सौम्य. दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, भिंतीच्या मधल्या थरात व्रण असेल तर मात्र जास्त काळ आणि जास्त बारकाईने लक्ष ठेवावं लागतं. पंपिंग शाबूत असलेल्या ३८६ रुग्णांच्या २०१७ सालच्या इटालियन अभ्यासात हा फरक ठळक दिसला. म्हणजे पंपिंग ६० असलेले दोन रुग्णही एका पारड्यात बसत नाहीत.

आमच्या रिपोर्टमध्ये व्रण लिहिलेला वाचून घरात रडारड झाली होती, म्हणून हे मुद्दाम सांगते. छोटा, बाहेरच्या थरातला व्रण घेऊन कितीतरी माणसं आयुष्यभर नीट जगतात. व्रणाचा अर्थ एवढाच की फॉलो-अप सोडायचा नाही आणि बेशुद्धी किंवा धडधड हलक्यात घ्यायची नाही.

चौथी पायरी: विश्रांती, मुंबईच्या मापाने

डॉक्टर म्हणतात, "तीन ते सहा महिने श्रम नकोत." यामागे ठोस कारण आहे. १९७०च्या सुमारास कॉक्सॅकी विषाणूची लागण केलेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावल्यावर त्यांच्या हृदयात विषाणू अफाट वाढला आणि ते मोठ्या संख्येने मेले. माणसांत सुजलेल्या स्नायूवर ताण पडला की ताल बिघडून अचानक मृत्यूची भीती असते; तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या कारणांत मायोकार्डायटिस येतो तो यामुळेच. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही मुदत किमान १ महिना आणि त्यापुढे रुग्णागणिक, अशी सैल केली आहे. पण सैल केली ती तपासण्या स्वच्छ आल्या तर. स्वतःच्या अंदाजाने मुदत कमी करायला तिथेही परवानगी नाही.

आता विश्रांती म्हणजे अंथरुणात पडून राहणं नव्हे. सपाट रस्त्यावर, बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगाने चालणं बहुतेकांना लवकरच करता येतं. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा कॉलनीचं आवार पुरतं. अडचण येते ती शहराच्या रोजच्या श्रमांची, कारण त्यांना आपण श्रम मानतच नाही. विरार फास्ट पकडायला धावणं, दादरचा पूल गर्दीच्या रेट्यात चढणं, दाराशी लटकून हातांवर जोर देणं, लिफ्ट नसलेल्या चाळीत चौथ्या मजल्यावर सिलिंडर किंवा पाण्याचे हंडे नेणं. हे सगळं श्रमच आहे. शक्य असेल तर पहिले काही आठवडे घरून काम किंवा वेळ बदलून मागा. डॉक्टरांकडून पत्र घेताना त्यात "जड काम नको" एवढंच नको. "गर्दीच्या वेळचा प्रवास टाळावा, वजन उचलू नये, रात्रपाळी देऊ नये" असं फोडून लिहून घ्या. साहेबांना तेच समजतं.

काही गोष्टींना त्या वर्षी साफ नाही म्हणावं लागतं. दहीहंडीच्या थरात उभं राहणं, मिरवणुकीत तासन्‌तास ढोल वाजवणं, जानेवारीतली मॅरेथॉन, कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारखे ट्रेक, जिममध्ये श्वास रोखून वजन उचलणं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींबद्दल मला विशेष काळजी वाटते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर जीव तोडून धावायचं असतं, वयाची मर्यादा जवळ आलेली असते, आणि आजार लपवून मैदानावर उतरण्याचा मोह होतो. बाळांनो, ही एक भरती जाऊ द्या. सुजलेल्या हृदयाने मारलेली ती दौड शेवटची ठरू शकते.

पुन्हा खेळाकडे किंवा जड कामाकडे जाण्याआधी एवढं जुळायला हवं: लक्षणं नाहीत, ट्रोपोनिन आणि सीआरपी सामान्य, पंपिंग सामान्य, किमान २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून ईसीजी सतत नोंदवणारं छोटं यंत्र) आणि ट्रेडमिल चाचणीत धोकादायक ताल नाही. क्रम महत्त्वाचा. ट्रेडमिल चाचणी सगळ्यात शेवटी, हृदयविकारतज्ज्ञांनी सांगितल्यावरच. आपल्या शहरात कंपन्यांच्या वार्षिक चेक-अप पॅकेजमध्ये स्ट्रेस टेस्ट सर्रास असते आणि तंत्रज्ञ नाव विचारून पट्ट्यावर उभं करतात. आजार होऊन काही महिनेच झाले असतील तर ती चाचणी नाकारा आणि कारण सांगा.

पाचवी पायरी: गोळ्या

पंपिंग सामान्य आणि गुंतागुंत नसेल तर गोळ्या थोड्या आणि थोड्याच काळासाठी असतात. पंपिंग घसरलं असेल तर हार्ट फेल्युअरची नेहमीची औषधं मिळतात: रॅमिप्रिलसारखी किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, मेटोप्रोलोल वा कार्वेडिलोलसारखा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातलं एखादं. यांचा परिणाम हळूहळू होतो, आणि पंपिंग ३० वरून ५५ वर आलं की लगेच मनात येतं, आता बंद करू.

इथेच थांबा. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१८च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ट्रेड-एचएफ चाचणीत, डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून, म्हणजे हृदय फुगून पंपिंग घसरण्याच्या आजारातून, सावरलेल्या ५१ जणांना घेतलं होतं. ज्यांची औषधं हळूहळू बंद केली त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांचं हृदय ६ महिन्यांत पुन्हा बिघडलं. औषधं चालू ठेवलेल्यांत एकाचंही नाही. हे सगळे मायोकार्डायटिसचे रुग्ण नव्हते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. मायोकार्डायटिसमधून पूर्ण सावरलेल्या काहींची औषधं तज्ज्ञ नंतर कमी करतातही. पण ती एकेक करून, मध्ये एको काढत. मेडिकलवाल्याने "आता याची गरज काय" म्हटलं म्हणून नव्हे.

दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल सावध राहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतात. हृदयाच्या आवरणालाही सूज असेल आणि पंपिंग चांगलं असेल तर डॉक्टर अशा गोळ्या स्वतः देतात; पण पंपिंग कमी असताना त्या शरीरात पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. अंगदुखीला, तापाला पॅरासिटामोल, आणि बाकी विचारून. दारू आणि सिगारेट सुधारणेच्या काळात पूर्ण बंद. जिमच्या प्री-वर्कआउट पावडरी, "हार्ट टॉनिक" म्हणून मिळणारे काढे घेत असाल तर ते डबे ओपीडीत घेऊन जा.

फ्लूची लस दर वर्षी घ्या. कोविडच्या लसीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्याबद्दल एवढंच: मायोकार्डायटिसचा विरळ धोका प्रामुख्याने एमआरएनए लशींशी, तरुण पुरुषांत, दुसऱ्या डोसनंतर जोडला गेला आणि तोही बहुतेकदा सौम्य होता. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना मिळालेल्या कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या एमआरएनए लशी नाहीत.

सहावी पायरी: कॅलेंडरवर तारखा लिहा

साधारण क्रम असा असतो. एक-दोन आठवड्यांनी तपासणी, ईसीजी आणि रक्त. महिनाभराने पुन्हा, पंपिंग कमी असेल तर एकोसह. ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान एको, होल्टर आणि शक्य असल्यास दुसरा कार्डियाक एमआरआय. मग वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि व्रण किंवा कमी पंपिंग असेल तर त्यापुढे दर वर्षी.

सहा महिन्यांची भेट चुकवू नका, असं मी कळकळीने सांगते. तोवर माणूस ऑफिसला जायला लागलेला असतो, घरात आजाराचा विषय निघत नाही, रजा शिल्लक नसते आणि एमआरआयचे पैसे भरणं उगाचचं वाटतं. पण सूज जिरली की व्रण राहिला, पंपिंग पूर्ण आलं की ४८ वर अडकलं, हृदय आकाराने वाढू लागलं का, हे त्याच टप्प्यावर समजतं. शक्यतो एको एकाच ठिकाणी काढा. माणूस आणि मशीन बदललं की पंपिंगच्या आकड्यात ५ ते १० टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि त्या फरकावरून घरात उगाच आनंद किंवा घबराट होते.

सातवी पायरी: पुढच्या वाटा ओळखा

वर्षभरानंतर रुग्ण ढोबळमानाने चारपैकी एका वाटेवर असतो.

बहुतेकांची वाट पूर्ण बरं होण्याची. सगळं सामान्य, औषधं बंद किंवा नाममात्र. यांनी नेहमीसारखं जगावं.

दुसरी वाट: पंपिंग चांगलं, पण व्रण शिल्लक. इथे चिंता तालाची असते. छातीत अचानक फडफड, डोळ्यांपुढे अंधारी, विशेषतः व्यायाम करताना शुद्ध हरपणं, असं काही झालं तर होल्टर आणि तज्ज्ञांची भेट लांबवू नये. ज्याला जिवावर बेतणारी व्हीटी येऊन गेली आहे त्याच्या छातीत आयसीडी हे यंत्र (धोकादायक ताल ओळखून शॉक देऊन तो सरळ करणारं) बसवायचं का, हा निर्णय सहसा तीव्र टप्पा ओसरल्यावर, तीन ते सहा महिन्यांनी घेतात. सूज जिरल्यावर कित्येकांची गरज उरत नाही.

तिसरी वाट डायलेटेड कार्डिओमायोपॅथीची: हृदय फुगतं, भिंत पातळ होते, पंपिंग घसरलेलंच राहतं. आपल्याला दम लागतोय हे लोक वयावर, वजनावर, मुंबईच्या दमटपणावर ढकलतात. या रुग्णांनी रोज सकाळी, लघवी झाल्यावर, वजन करावं. ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं, घोट्यांवर बोटाने खड्डा पडू लागला, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना कळवावं. मीठही मोजून: लोणचं, पापड, फरसाण, वडापावची सुकी चटणी यांतूनच ते जास्त जातं.

चौथी वाट पुन्हा पुन्हा होणाऱ्या दाहाची. ती कमी जणांची, पण इथे एक गोष्ट माहीत हवी. छातीत दुखून ट्रोपोनिन वाढण्याचे झटके परत परत येत असतील, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, कुणाला कार्डिओमायोपॅथी असेल, तर मागे आनुवंशिक कारण असू शकतं. डेस्मोप्लाकिन नावाच्या जनुकातला दोष वरून हुबेहूब मायोकार्डायटिससारखा दिसतो. अशा वेळी जनुकीय तपासणी आणि सख्ख्या भावंडांचा ईसीजी-एको करून घ्यावा. गावी "झोपेत गेले" असे सांगितले जाणारे काका-मामा असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. ती माहिती आईकडे किंवा आत्याकडे असते, तेव्हा विचारायला त्यांना फोन करा.

विशेष परिस्थिती थोडक्यात

बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी आधी एको करून घ्यावा आणि हृदयविकारतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांची एकत्र गाठ घालावी. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे बदल दिवस राहण्याआधीच करायचा असतो. पण स्वतःहून बंद करायची नाहीत.

कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीत, म्हणजे चेकपॉइंट इन्हिबिटर औषधांमुळे होणारा मायोकार्डायटिस विरळ पण फार गंभीर असतो. उपचार चालू असताना धाप, पापण्या जड होणं, स्नायूदुखी यांतलं काही सुरू झालं तर पुढचा डोस घेण्याआधी सांगायलाच हवं.

आणीबाणीत काय

बेशुद्धी, विश्रांतीतही धाप, न थांबणारी धडधड, छातीत पुन्हा तसंच दुखणं: १०८ला फोन करा किंवा सरळ जवळच्या कॅज्युअल्टीत जा. फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि घरातल्या किमान एकाने सीपीआर शिकून घ्यावं. ते अर्ध्या दिवसात येतं.

औषधांनीही हृदय सावरलं नाही तर मुंबईतच हृदयरोपणाची सोय आहे. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली, जगात हे नुकतंच सुरू झालेलं असताना, प्रयत्न केला होता. तो रुग्ण काही तासच जगला. शहरात यशस्वी रोपण व्हायला २०१५ साल उजाडलं, आणि केईएममध्ये पुन्हा रोपण झालं २०२४ साली. प्रतीक्षायादी झेडटीसीसी म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत चालते. तिथवर फार थोड्यांना जावं लागतं, पण पंपिंग औषधांनंतरही घसरत राहिलं तर रोपण करणाऱ्या केंद्राची भेट लवकर घ्यावी. रुग्ण फार खंगल्यावर रोपण झेपत नाही.

पैसे, स्थळ आणि भीती

रुग्णालयाचं बिल मोठं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं टेबल शोधा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे आरोग्यमित्र सांगतात. नवीन आरोग्य विमा घेताना आजार लपवू नका. विमा नियामकाने २०२४ साली आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणली आहे. लपवलेला आजार मात्र नेमक्या गरजेच्या वेळी दावा फेटाळायला कारण देतो.

स्थळं बघायच्या वयातल्या मुलामुलींच्या घरी हा विषय दाबला जातो. सामान्य पंपिंग, स्वच्छ होल्टर आणि वर्षभराचा फॉलो-अप हातात असेल तर लपवण्यासारखं काही नाही. समोरच्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगा. आणि जो आजारातून उठला आहे त्याची भीती खरी असते. छातीत जरा टोचलं की रात्रभर जागा राहणं, एकट्याने आंघोळीला जायला घाबरणं, थकवा महिनोन्‌महिने न सरणं, हे बऱ्याच जणांना होतं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता काय" असं म्हणून त्याला गप्प करू नका. सोबत चाला, सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत. भीतीने झोप आणि काम दोन्ही अडत असेल तर पुढच्या ओपीडीत हृदयविकारतज्ज्ञांना ते स्पष्ट सांगा आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागून घ्या. सार्वजनिक हॉस्पिटलांत तो विभाग त्याच आवारात असतो.